आधी तिथलं पंचांग, मग तिकीट

२४ डिसेंबर २०१९. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत, दोनोस्तियात (उत्तर स्पेनच्या बास्क भागातलं शहर, म्हणजे आपण ज्याला सान सेबास्तियन म्हणतो तेच) बारीक पाऊस चालू आहे आणि मी, नवरा आणि आमची पाच वर्षांची लेक, दोन बॅगा ओढत एकेक शटर खाली येताना बघत चाललोय. पॅरिसहून ट्रेनने सीमेवरचं अंदाय, तिथून तो छोटा तोपो नावाचा लोकल डबा पकडून इथे, आणि अख्ख्या प्रवासात नवऱ्याची एकच कॅसेट की आज रात्री पिंचो (बारमधे मिळणारे छोटे छोटे खाण्याचे घास) खायचे, या बारमधे दोन, त्या बारमधे दोन. सहा महिने व्हिडिओ बघून यादी केलेली होती त्याने. यादीतला पहिला बार बंद. दुसऱ्यात आतमधे माणूस खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवत होता, आम्हाला बघून हसला, हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि शटर ओढलं. साडेसातपर्यंत जुन्या गावात चिटपाखरू नाही. कारण उघड आहे, आज नाताळची आदली रात्र, सगळे आपापल्या घरी जेवायला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणी परदेशी पाहुणा पुण्यात येऊन मिसळ शोधत हिंडला तर त्याला आपण काय म्हणू? तेच आम्ही होतो.

हॉटेलच्या खोलीत बसून आईंनी (सासूबाईंनी) बळेबळे दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. "कशाला ओझं" म्हणून मीच नको म्हणत होते त्या दशम्या.

पण त्याच संध्याकाळी, शटरं पडायच्या जरा आधी, एक गंमत बघायला मिळाली. गल्लीतून एक घोळका गात चाललेला, मुलं-बायका-म्हातारे, मुलांच्या डोक्याला रुमाल, अंगात शेतकरी ड्रेस, आणि मधे खांद्यावर उचलून घेतलेला एक जाडजूड बाहुला, तोंडात पाइप, गालाला काजळी. लेक म्हणाली, "सांताक्लॉजला कोणी मळवला?" तो सांताक्लॉज नव्हताच, तो ओलेन्त्सेरो, डोंगरात लाकडं जाळून कोळसा पाडणारा, खाण्यापिण्याचा शौकीन, जो बास्क घरांतून २४ च्या रात्री मुलांना भेटी देऊन जातो. आम्हाला तेव्हा हे काहीही माहीत नव्हतं. हॉटेल, म्युझियम, बार, सगळ्याचा अभ्यास केलेला, फक्त तिथल्या लोकांचा सण कधी काय असतो एवढंच बघायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी २५ ला बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम करायचं ठरलेलं, ते २५ डिसेंबरला बंद असतं हे स्टेशनवर जायच्या आधी अर्धा तास कळलं. असो.

तर यावेळी उलटं करायचं ठरवलंय. या २०२६-२७ च्या हिवाळ्यात परत जायचंय आणि आधी कॅलेंडर, मग बाकी सगळं. बहिणीचा मुलगा गेल्या वर्षापासून बिल्बाओत शिकायला आहे, त्याच्याशी रात्री साडेअकराला (त्याचे सात, हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो) व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही अक्षरशः तक्ता बनवलाय. त्याचं पहिलंच वाक्य, "मावशी, यंदा चोवीसला येऊ नकोस गं बाई."

सुट्ट्यांचा हिशेब तिकडे जरा गमतीचा आहे. स्पेनमधे प्रत्येक गावाला वर्षाला १४ सुट्ट्या, त्यातल्या १२ देशाच्या नाहीतर प्रांताच्या पातळीवर ठरतात आणि २ त्या त्या गावाच्या स्वतःच्या. त्यामुळे २० जानेवारीला दोनोस्तिया बंद आणि तासा-सव्वातासावर बिल्बाओत मंडळी ऑफिसला. आणि बास्क म्हणून आपण जो एक प्रदेश डोक्यात धरतो त्याचे कागदावर तीन तुकडे आहेत. बिल्बाओ, दोनोस्तिया आणि गास्तेइस ज्यात येतात तो एउस्कादी, शेजारचा नाफार्रोआ म्हणजे नवार्रा ज्याचं मुख्य शहर पाम्प्लोना, आणि सीमेपलीकडे फ्रान्समधला बायोन-बियारित्झचा भाग. तिन्हीकडच्या सुट्ट्या वेगळ्या. ६ जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाला, स्पेनच्या बाजूला सगळं बंद असतं आणि फ्रान्समधे ती सुट्टीच नाही. म्हणजे त्या दिवशी तोपोत बसायचं, पाऊण तासाच्या आत फ्रान्समधे उतरायचं, आणि बायोनला जाऊन चॉकलेट खायचं (तिथलं चॉकलेट जुनं आहे, स्पेन-पोर्तुगालमधून हाकललेल्या ज्यू लोकांनी सतराव्या शतकात ती कला तिथे नेली). ही युक्ती आम्हाला २०१९ ला माहीत असती तर... जाऊ दे.

रविवारचं पण लक्षात ठेवा, सुपरमार्केट रविवारी जवळपास सगळी बंद. शनिवारी दूध-ब्रेड-केळी घेऊन ठेवायची. आणि दुपारी दीड-दोन ते साडेचार छोटी दुकानं बंद, याच्यावर पुणेकरांनी तरी तक्रार करू नये.

पहिली तारीख जी आमच्या घरात पडली ती ३ डिसेंबर. नवरा मूळचा म्हापशाचा, आणि त्याच्याकडे हिंदू घर असूनही दरवर्षी ३ डिसेंबरला जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला जाणं आलंच. मेणबत्ती लावायची, रांगेत उभं राहायचं, येताना खाजं घ्यायचं. 'गोंयचो सायब' म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला, १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर गेला, देह बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहे. आता हा माणूस मूळचा कुठला? तर नवार्राचा, पाम्प्लोनापासून साधारण ५० किलोमीटरवरच्या हाविएर गावच्या किल्ल्यातला, जन्म १५०६. नाव पण त्या गावावरूनच. आणि गावाचं नाव आलंय बास्क भाषेतल्या 'एचे बेर्री' वरून, एचे म्हणजे घर, बेर्री म्हणजे नवं. म्हणजे झेवियर म्हणजे चक्क नवघर. मुलुंडकर आणि भाईंदरकर दोघांनीही नोंद घ्यावी. हे मी आईंना फोनवर सांगितलं तर त्या दोन मिनिटं हसत होत्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आमच्या सायबाचं घर बघून या."

तर ३ डिसेंबर हा नवार्राचा स्वतःचा दिवस, तिथे सरकारी सुट्टी, आणि बास्क भाषेचा दिवसही त्याच तारखेला साजरा होतो कारण सायबाची मातृभाषा बास्क होती असं मानतात. गोव्यात सुट्टी, नवार्रात सुट्टी, एकाच माणसासाठी, हे मला फार आवडलं. नवरा तर म्हणाला बास, ३ डिसेंबर फिक्स. पण भाच्याने लगेच पाणी ओतलं. ६ डिसेंबर संविधान दिन, ८ डिसेंबर मारियाचा सण, या दोन्ही सुट्ट्या देशभर, आणि मधले दिवस टाकून लोक त्याचा पूल बांधतात, त्याला ते 'पुएन्ते' म्हणतात, म्हणजे खरोखरच पूल. यंदा ३ तारीख गुरुवार, ६ रविवार, ८ मंगळवार, म्हणजे नवार्रावाल्यांनी दोन दिवस रजा टाकली की गुरुवार ते मंगळवार सलग. अख्खा स्पेन गाड्या काढून निघतो आणि दोनोस्तियात खोली मिळाली तरी भाव ऐकून पाणी पिऊन झोपायचं. पुस्तकवेड्यांनी मात्र हा आठवडा विचारात घ्यावा, याच दिवसांत दुरांगो गावात बास्क पुस्तकांचा आणि संगीताचा मोठा मेळा असतो, १९६५ पासून. आम्हाला बास्क वाचता येत नाही त्यामुळे तो मोह टळला.

माझा जीव अडकलेला २१ डिसेंबरात. सान्तो तोमासची जत्रा. दोनोस्तियात आणि बिल्बाओत दोन्हीकडे असते, आणि तिचा उगम ऐकला की कोकणातल्या माणसाला घरचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटेल. डोंगरातल्या शेतांवर जी कुळं कसायची ती वर्षाचा खंड घालायला डिसेंबरात शहरात मालकाकडे यायची, येताना खंडाबरोबर एखादा पोसलेला कोंबडा भेट म्हणून, मालक त्यांना जेवू घालायचा, आणि शहरात आलोच आहोत तर चार भाज्या, चीज, कोंबड्या विकून जाऊ म्हणून बाजार मांडायची. खोत-कूळ गेले, बाजार राहिला. आता शहरातले आयटीवाले पण त्या दिवशी शेतकऱ्याचे कपडे घालून हिंडतात, दोनोस्तियाच्या चौकात एक अवाढव्य डुकरीण ठेवलेली असते आणि तिची लॉटरी निघते. आणि सगळ्यांच्या हातात तालो.

तालो मी बघितलाय. २०१९ लाच, २८ तारखेला शनिवार होता, तोलोसा गावाचा शनिवारचा बाजार, ओरिया नदीच्या काठावर छप्पर असलेला. तिथल्या शेंगदाण्याएवढ्या, म्हणजे खरंतर जरा मोठ्या, काळ्याभोर घेवड्याच्या बिया प्रसिद्ध आहेत, त्या घ्यायला गेलो होतो. एका टेबलामागे साठीची बाई. परातीत पिवळं पीठ, मक्याचं, मीठ आणि गरम पाणी, तेल-बिल काही नाही. तिने लिंबाएवढा, नाही, पेरूएवढा गोळा घेतला, तळहातावर मळला, पीठ भुरभुरलेल्या फळीवर ठेवला आणि थापायला लागली. थप थप करत गोळा स्वतःभोवती फिरतोय, बोटांनी कड सारखी होतेय, कड चिरली की ओलं बोट फिरवून बुजवली. मी अशी बघत उभी राहिले की मागचा माणूस खाकरला. आमची आजी अशीच थापायची, फक्त परातीत. मग ती भाकरी, माफ करा तालो, लोखंडी तव्यावर. फरक एकच, पापुद्रा सुटत नाही, फुगत नाही, पाणी पण फिरवत नाहीत वरून. मला तिला सांगायचं होतं की बाई, एकदा निखाऱ्यावर उभी धरून बघ, टम्म फुगेल. भाषा नव्हती. मी नुसते दोन हात वर करून थापल्यासारखं करून दाखवलं, ती जोरात हसली आणि एक गोळा उचलून माझ्यापुढे धरला. घेतला नाही मी, लाजले, अजून चुटपुट आहे. तालोत ते चिस्तोर्रा नावाचं लाल मसाल्याचं बारीक सॉसेज गुंडाळून देतात, आम्ही दोन तसे घेतले आणि लेकीसाठी एक चॉकलेटचं. मक्याच्या भाकरीत वितळलेलं चॉकलेट, ऐकायला भयंकर आहे, लेकीने मागून दुसरं खाल्लं.

शाकाहारी मंडळींसाठी इथेच सांगून टाकते कारण कमेंटमधे हा प्रश्न येणारच. उपाशी मराल असं नाही पण मजा अर्धी होईल. चीजचा तालो मिळतो, इदियासाबाल नावाचं मेंढीच्या दुधाचं धुरकट चीज फार सुंदर, बटाट्याचं जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया अंडं चालत असेल तर कुठेही, मशरूम, भाजलेल्या लाल मिरच्या. पण काळा घेवडा बघून उसळ समजून मागवू नका, त्यात बरेचदा डुकराचं काहीतरी असतंच. आधी विचारा. आम्ही मासेखाऊ घर, आमचं निभतं.

तर २१ डिसेंबर यंदा सोमवारी आहे, आणि पुढे चार दिवसांत ओलेन्त्सेरो, तोही यावेळी माहीत असून बघता आला असता. ३१ ला रात्री बाराच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं तोंडात कोंबायची, ५ जानेवारीला तीन राजांची मिरवणूक. कागदावर भरगच्च दिसतं. पण मी तक्त्यात रंग भरले तेव्हा लक्षात आलं की या सगळ्याच्या मधे भोकं केवढी आहेत. २४ ची संध्याकाळ मेली, २५ मेली, ३१ ची संध्याकाळ, १ तारीख, ६ तारीख, शिवाय मधले रविवार. गुगेनहाइम २५ आणि १ ला बंद, २४ आणि ३१ ला लवकर बंद. हे दिवस घरात साजरे करायचे असतात आणि आपल्याला तिथे घर नाही. रस्त्यावरचा सण आणि घरातला सण यात फरक असतो, गणपतीला पाहुणा आला तर त्याला दहा दिवस बघायला आहे, पण लक्ष्मीपूजनाला त्याने काय बघायचं, बंद दारावरचा आकाशकंदील? आणि मुंबईहून डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांची तिकिटं बघितलीत तर कळेल की त्या पैशात घराला रंग होतो.

म्हणून जानेवारी. इथे भाच्याचा चेहरा उजळला कारण तो पहिल्यापासून हेच सांगत होता, आपणच ऐकत नव्हतो.

२० जानेवारी, सान सेबास्तियन या संताचा दिवस, दोनोस्तियाची गावजत्रा म्हणा. १९ ची रात्र संपून बारा वाजले की जुन्या गावातल्या चौकात झेंडा वर चढतो आणि ढोल सुरू होतात ते पुढच्या मध्यरात्री झेंडा उतरेपर्यंत, चोवीस तास. तांबोर्रादा. शंभराहून जास्त पथकं आपापल्या भागातून फिरतात. अर्धे वाजवणारे जुन्या काळच्या शिपायांच्या वेशात, अर्धे चक्क आचारी, पांढरा कोट, पांढरी उंच टोपी, आणि आचाऱ्यांच्या हातात ढोल नाही तर लाकडी पिंपं. म्हणे पूर्वी शहरात सैन्य होतं, ते ढोल वाजवत जायचं, तेव्हा पाण्याच्या कारंज्यावर जमलेले लोक आपल्या बादल्या-पिंपं बडवून त्यांची नक्कल करायचे, त्यातून हे आलं. खरं-खोटं त्यांचं त्यांना. सगळी पथकं एकाच माणसाच्या चाली वाजवतात, रायमुन्दो सार्रिएगी, एकोणिसाव्या शतकातला तिथलाच संगीतकार. दुपारी बाराला मुलांची वेगळी मिरवणूक, शाळाशाळांची हजारो मुलं शिपाई बनून. पथकं मुळात खाण्याच्या क्लबांची, म्हणजे मित्रमंडळी जिथे स्वतः रांधून जेवतात अशा सोसायट्या, पूर्वी तिथे बायकांना प्रवेश नसायचा, तो आता बराच बदललाय.

भाचा गेल्या जानेवारीत गेला होता. तो पुण्यात तीन वर्षं ढोल पथकात होता, नदीपात्रातल्या सरावात हाताला फोड आणणारा, त्यामुळे मी विचारलं कसं वाटलं. म्हणाला, "मावशी, आवाज आपला दहापट आहे. पण आपल्याकडे बघणारे बघतात आणि वाजवणारे वाजवतात. तिथे फुटपाथवरची आजी पण पर्सवर ठेका धरून असते, प्रत्येकाला प्रत्येक चाल पाठ." पहाटे तीन वाजता थंडीत एका बेकरीबाहेर तो उभा होता आणि एक पथक दमून थांबलं, आचाऱ्यांनी पिंपं उलटी करून त्यावर बसून घेतलं, कोणीतरी सूप आणलं, पाच मिनिटांत परत उठले. चौकात मध्यरात्री शिरायचं असेल तर खूप आधी जाऊन उभं राहावं लागतं, आणि तो चौक म्हणजे तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. पूर्वी तिथे बैलांच्या झुंजी व्हायच्या, बाल्कन्या बघायला भाड्याने द्यायचे, म्हणून घरांच्या बाल्कन्यांवर अजून आकडे रंगवलेले आहेत. आमचं ठरलंय की लेकीला घेऊन मध्यरात्रीच्या चौकात घुसायचं नाही, दुपारची मुलांची मिरवणूक आणि मग संध्याकाळी गल्लीबोळांतली पथकं. यंदा, म्हणजे २०२७ ला, २० तारीख बुधवारी येते.

आणि जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत सागार्दोतेगीचा मोसम. सफरचंदाची दारू, सागार्दो, गेल्या शरद ऋतूत उतरवलेल्या सफरचंदांची, ती मोठ्या लाकडी पिंपांतून थेट प्यायची जागा म्हणजे सागार्दोतेगी. दोनोस्तियाजवळच आस्तिगार्रागा आणि एर्नानी गावांत अशा भरपूर. जेवण ठरलेलं, कोणी मेन्यू हातात देत नाही: कॉड माशाचं ऑम्लेट, मिरच्या घातलेला कॉड, मग जाडजूड भाजलेलं गोमांस (आम्ही ते सोडणार, आधी सांगून ठेवलं तर बदल करतात असं भाचा म्हणतो), शेवटी चीज, क्विन्स नावाच्या फळाची वडी आणि अक्रोड. जेवता जेवता मधेच कोणीतरी ओरडतं, "चोच!" आणि सगळे ग्लास घेऊन पिंपाकडे पळतात. शपथेवर सांगते, शब्द असाच आहे, चोच. पिंपाची बारीक तोटी उघडली की सुतळीएवढी धार लांब उडते, ती ग्लास तिरका धरून काठावर झेलायची, दोन घोट झाले की बाजूला व्हायचं, मागचा लगेच पुढे सरकतो, धार तुटता कामा नये. आणि दोन घोटच घ्यायचे, ग्लास भरणारा माणूस अडाणी समजला जातो. शनिवार-रविवारची टेबलं फार आधीच जातात, म्हणून आम्ही मंगळवारचं बघतोय, २६ जानेवारी, आपल्याकडे झेंडावंदन.

२६ जानेवारीवरून आठवलं, हा जानेवारी प्लॅन ऑफिसमधे खपला तो त्यामुळेच, एक सुट्टी फुकट मिळते. लेकीच्या शाळेत काय सांगायचं ते मी अजून ठरवते आहे. सातवी आहे म्हणून हिंमत, पुढे दहावीपर्यंत मग बघायलाच नको.

तिसरा खुंटा इतुरेन. हे मला स्वतःला सगळ्यात बघायचंय. नवार्राच्या उत्तरेला डोंगरात इतुरेन आणि सुबिएता ही दोन चिमुकली गावं, एकमेकांपासून चार किलोमीटरच्या आत. जानेवारीच्या शेवटच्या रविवारनंतरचा सोमवार आणि मंगळवार, पहिल्या दिवशी सुबिएताचे इतुरेनला येतात, दुसऱ्या दिवशी इतुरेनचे सुबिएताला. येणारे म्हणजे योआल्दुन: अंगावर मेंढीचं कातडं, पाठीला करकचून बांधलेल्या दोन भल्यामोठ्या तांब्या-लोखंडाच्या घंटा, डोक्यावर रिबिनी लावलेली उंच निमुळती टोपी, हातात घोड्याच्या केसांचा चाबूक. एका तालात पाय टाकत चालतात आणि कमरेच्या झटक्याने सगळ्या घंटा एकदम वाजतात. हिवाळ्यात झोपलेली जमीन जागी करायची, वाईट ते पळवून लावायचं. मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा तोंडातून निघालं, "अरे हा तर संकासूर!" शिमग्यातला आपला संकासूर, तीच निमुळती टोपी, तेच कमरेचं घुंगरांचं वजन, तेच मुलांच्या मागे धावणं. दोघांचा काही संबंध असेल असं मी म्हणत नाही. पण रत्नागिरीकडचा कोणी माणूस तिथे उभा राहिला तर त्याला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. २०२७ मधे शेवटचा रविवार ३१ जानेवारी, म्हणजे इतुरेन १ आणि २ फेब्रुवारीला. तिथे जायला गाडी लागते, दोनोस्तियाहून भाड्याने घेणार आहोत, नवऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचं मनावर घेतलंय. त्याच गाडीने पुढे हाविएरचा किल्ला आणि जमलंच तर लोयोला, सायबाचा पॅरिसमधला खोलीतला सोबती इग्नेशियस तिथला. फेस्ताची तारीख हुकली तरी किल्ला काही कुठे जात नाही, असं आईंना समजावलंय. पटलंय असं वाटत नाही.

पाऊस. याबद्दल स्पष्ट बोलू. जानेवारीत तिकडे दिवसा १०-१२ डिग्री, रात्री ४-५, म्हणजे थंडी युरोपच्या मानाने काहीच नाही, पण ओली. बर्फ समुद्रकाठी विसरा. बारीक, उभ्या-आडव्या कुठल्याच दिशेला न पडणारा, हवेतच राहणारा जो पाऊस असतो त्याला तिकडे म्हणतात सिरीमिरी. झिरमिर! मला वाटलं भाचा चेष्टा करतोय. छत्री नेऊ नका, समुद्रावरच्या वाऱ्याला एका दिवसात उलटी होते, टोपीवाला रेनकोट घ्या. आणि कपडे वाळत नाहीत, जुलैतल्या डोंबिवलीसारखं, त्यामुळे मोजे दुप्पट. सूर्य उगवतो साडेआठच्या पुढे. आपण जेटलॅगने पहाटे चारला टक्क जागे, आणि बाहेर अजून साडेचार तास काळोख. त्या वेळासाठी खोलीत किटली असलेली जागा बघितली आहे, चहा पावडर आणि मेतकूट घरून.

भाषेचं टेन्शन नाही, स्पॅनिशवर काम होतं, पण चार बास्क शब्द पाठ केले तर समोरचा खुलतो. काइशो म्हणजे हॅलो, एस्केर्रिक आस्को म्हणजे आभारी आहे, आगुर म्हणजे येतो. ही भाषा जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेची नातेवाईक नाही पण उच्चारात मराठी माणसाला एक फायदा आहे जो इंग्रजांना नाही. त्यांच्याकडे आपले दोन्ही च आहेत, एक चहातला आणि एक चमच्यातला. पिंचो, चोच, यात चहातला. थंडी म्हणजे 'ओच', त्यात चमच्यातला. भाचा म्हणतो पहिल्याच आठवड्यात त्याच्या बाईंनी विचारलं, हा उच्चार तुला कसा येतो.

व्हिसाचं थोडक्यात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे आम्हाला जुलैच्या मध्यापासून. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारामधल्या मुलांना अर्धे, आमची लेक नेमकी बारा पूर्ण त्यामुळे पूर्ण. विमा ३०,००० युरोचा लागतोच. जास्त रात्री स्पेनमधे म्हणून अर्ज स्पेनकडे, मग उतरा कुठेही. गेल्या वेळी अपॉइंटमेंटसाठी मी रात्री बारा वाजता लॅपटॉप उघडून बसायचे, सर्व्हर लोळलेला, एकदा स्लॉट दिसला आणि नवऱ्याचा पासपोर्ट नंबर टाकेपर्यंत गेला. यावेळी सगळ्यांचे नंबर फ्रिजवर चिकटवलेत.

तर आत्तापर्यंतचं ठरलेलं: संक्रांत उरकून शुक्रवार १५ जानेवारीच्या रात्री मुंबईहून निघायचं, बिल्बाओला थेट विमान नाही, मधे एक बदली. पहिले दोन-तीन दिवस भाच्याकडे, गुगेनहाइम (हिवाळ्यात सोमवारी नाही), तो १८९३ चा टांगता पूल ज्याच्याखाली लोंबणाऱ्या पाळण्यात बसून गाड्या-माणसं नदी ओलांडतात, १९ ला दोनोस्तिया, २६ ला चोच, १-२ फेब्रुवारी इतुरेन, ३ ला परत. तिकीट अजून काढलेलं नाही.

काढलं नाही ते बरंच झालं, कारण काल रात्री भाच्याचा मेसेज. ४ फेब्रुवारीला सांता आगेदाची आदली रात्र असते, लोक काठ्या जमिनीवर आपटत दारोदार गात फिरतात. आणि ईस्टरच्या हिशेबाने २०२७ मधे तोलोसाचा कार्निव्हल पण त्याच गुरुवारी, ४ तारखेलाच सुरू होतोय. तोलोसा म्हणजे माझी तालोवाली. खाली लिहिलंय, "मावशी, आणि तू तीनला निघणार??"

हिशेब मी तीनदा केला. ३ ला निघालं तर तेरा सुट्ट्या जातात. शनिवारी ६ ला निघून रविवारी घरी पोचलं तर चौदा. एक, फक्त एक जास्त. नवऱ्याला अजून बोललेले नाही, या रविवारी बांगडे आणणार आहे, जेवण झालं की विषय काढते.